भांडणाचा चाकू

आमच्या करडी गावात धारेची वस्तू कुणी कुणाच्या हातात देत नाही. ती जमिनीवर ठेवायची, समोरच्यानं उचलायची. हातोहात दिली की भांडण होतं म्हणतात. लग्न झाल्यापासून मी हा नियम पाळला आणि नवऱ्याशी भांडण एक दिवस चुकलं नाही. तेव्हा नियमात किती दम आहे ते मला ठाऊक आहे.

धानाच्या रोवणीला बाया कधी सांगायच्या, वरणात चिंच किती घालायची, पंखा कितीवर ठेवायचा, आम्हाला काहीही पुरायचं. शेजारीण म्हणायची, तुमचा रेडिओ बंद झाला की आम्ही झोपतो.

मग त्यांना लकवा मारला. डावा हात गेला. जीभ शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले, पण माणूस गप्प झाला. 'हो', 'नाई', 'राहू दे', बस एवढंच. मी मुद्दाम भाजी खारट केली, तीही मुकाट्यानं खाल्ली. हाताचं मी निभावून नेलं असतं. त्या गप्प बसण्याची मात्र मला फार भीती वाटायची.

दिवाळीला मुलगा फ्रान्सहून आला. वडिलांसाठी त्यानं घडीचा चाकू आणला होता. तिकडच्या कारागिरानं हातानं घडवलेला, मूठ कुठल्याशा परदेशी काळ्या लाकडाची, गुळगुळीत आणि जड. वस्तू देखणी, यात वाद नाही. पण एका हातानं मूठ धरून दुसऱ्या हाताचं नख पात्याच्या खाचेत घातल्याशिवाय तो उघडेना. हे लक्षात आलं तसा पोराचा चेहरा पडला. मी म्हटलं, "उघडून द्याले मी आहो ना!"

तो परत गेल्यावर मी रोज सकाळी चाकू उघडून खाटेपाशी जमिनीवर ठेवायची. ते वाकून उचलायचे, ताटलीतला पेरू कापायचे. शब्द नाही.

एका सकाळी माझं डोकंच फिरलं. भांडण हवंय ना, मग नियम कशाला पाळते? उघडा चाकू, मूठ त्यांच्याकडे करून, सरळ त्यांच्या हातात दिला.

ते चाकूकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"काहून व, चाकू हाती देते का कोनी? अक्कल गहान ठेवली का?"

मी संधी सोडते काय! "शिसमाच्या मुठीचा हाये. यानं काई नाई होत."

"शिसम?" त्यांनी मूठ उजेडात धरली. "टेंभराचं लाकूड हाये हे! जनमभर जंगलात याच झाडाचा तेंदूपत्ता तोडाले गेली, अन् टेंभराचा काळा गाभा नाई ओळखत?"

"पोरगा तं परदेशी म्हनते."

"पोराले काय समजते! अन् तुले तरी काय समजते!"

मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात धरून रडले. बाहेर त्यांचं सुरूच होतं. टेंभरावरून गाडी माझ्या माहेरावर आली होती.

ते लाकूड शिसमाचं नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी डोळे पुसले, बाहेर आले आणि ठणकावून सांगितलं, "शिसमच हाये!"