मधल्या झाडावरून गाण्याचा अंदाज

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरात एकच भांडण महिनाभर चाललं. त्यातला अर्ध्याहून जास्त आवाज माझा होता. मला नागपूरला कॉलेजात संगीताची डिग्री करायची होती. बाबांचं म्हणणं, बी.एस्सी. कर, मग बी.एड. कर, गाणं सकाळी उठून म्हण, कोण अडवते? फी आणि होस्टेल घरच्या पैशात जमत नव्हतं, लोन काढावं लागणार होतं. लोन म्हटलं की बाबांच्या कपाळाला आठ्या. बँकेत ते फक्त पासबुक भरून घ्यायला जायचे.

"आधी पोटोबा, मग विठोबा," ते म्हणायचे. "गाण्यानं लोनची किस्त फिटते का, इतकंच मले सांग."

मी काय कमी! मोबाइलवर टीव्हीत गाणाऱ्या एका बाईचा बंगला काढून त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी लगेच आमच्या सौंसरच्या बाजारातला एक पोरगा पुढे केला, ज्यानं हीच डिग्री करून रिचार्जचं दुकान टाकलं होतं. फॉर्मची शेवटची तारीख जवळ येत होती. रागानं मी रात्रीचं जेवण सोडलं. खोटं कशाला बोलू, संध्याकाळी बाहेर समोसे खाऊन यायची.

मोहगावकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे. आमच्याकडे फळं हिरवी असतानाच व्यापारी येतात आणि झाडावरच्या मालाचा अंदाज घेऊन अख्ख्या बगीच्याचा सौदा करतात. बाबांची जुनी युक्ती अशी, की व्यापाऱ्यासाठी खाट नेमकी विहिरीजवळच्या झाडाखाली टाकायची, कारण ते झाड फळांनी वाकलेलं असतं. त्या वर्षी एक म्हातारे व्यापारी जरा लवकरच आले. त्यांनी चहा त्याच झाडाखाली घेतला, पण उठले ते सरळ बगीच्याच्या मधोमध गेले आणि एका साध्याशा झाडाभोवती फिरत फळं मोजू लागले.

आम्ही बापलेक त्यांच्या मागे चालता चालताही भांडतच होतो. शेवटी ते वळले.

"भाऊ, ही पोट्टी तुमाले विहिरीजवळचं झाड दाखवून राहिली, अन् तुमी तिले वाळलेलं. असा सौदा करन तो बुडन. मधलं झाड पाहा. त्या डिग्रीचा मधला माणूस शोधा अन् त्यालेच पुसा."

"मी काही मधली नाही!" मी फणकारले.

"हाव बाई. असं सगळेच म्हणतात. झाडंही म्हणत असतीन."

बाबा खो खो हसले. मला असा राग आला की दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. म्हातारा खरं बोलला होता ना! तिसऱ्या दिवशी मीच शोध काढला. पांढुर्ण्याला एका शाळेत गाणं शिकवणाऱ्या मॅडम होत्या, तीच डिग्री झालेल्या. नाव गाजलेलं नाही, गाणं सुटलेलंही नाही. बाबांनी फोन करून वेळ घेतली आणि आम्ही मोटरसायकलवर निघालो.

पाणी पिऊन होताच बाबांनी तोफ डागली. "मॅडम, ताकाले आलो तर भांडं कायले लपवू? लोन किती होतं, किस्त किती होती अन् पगार किती?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम मात्र हसल्या. "इतकं सरळ तर लग्नाच्या वेळीही मले कोणी पुसलं नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. शाळेचा पगार बेताचा. किस्त निघायची ती घरच्या क्लासमधून. पहिलं दीड वर्ष क्लासला तीनच मुलं, तेव्हा वडिलांपुढे हात पसरावा लागला आणि फार लाज वाटली. होस्टेल, नवा फोन, तानपुरा, सगळं लोनमध्येच बसवलं, ही मोठी चूक. फेडायला सहा वर्षं लागली. बाबा एकेक गोष्ट कागदावर लिहून घेत होते. संपलं आपलं, मी मनात म्हटलं.

बाबांनी कागदाची घडी केली. "मॅडम, आज पुन्हा अठराच्या झाल्या तर?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "लोन अर्धं काढीन, भाऊ. पण घेईन गाणंच."

तेवढ्यात क्लासची मुलं आली. मॅडमनी पेटी ओढली, दहा-बारा गळे एकदम लागले, आणि निघायला उठलेले बाबा परत खुर्चीत बसले. बाहेर येऊन ते म्हणाले, "होस्टेल नाही. नागपूरला आत्याकडे राहायचं. लोन फक्त फीचं. अन् पहिल्या वर्षापासून दोन पोरं तरी शिकवायची. मंजूर?"

"मंजूर!" मी अशी ओरडले की शेजारची बाई दारात आली. त्या अटी किती शहाणपणाच्या होत्या, ते आता स्वतःची किस्त स्वतः भरताना कळतं.

परतताना मी मागे बसून मोठमोठ्यानं गाणं सुरू केलं.

"आता फुकट नको म्हणू," बाबा ओरडले, "किस्त भरायची आहे!"

मी हसत गप्प बसले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी गाडी हळू केली. "काऊन थांबली? म्हण ना."

अठरा वर्षांत बाबांनी मला गाणं म्हण म्हटलं ते पहिल्यांदाच. मी इतक्या जोरात सुरू झाले की सौंसर येईपर्यंत एक सूर धड लागला नाही, आणि बाबा आपले दर ओळीला "वा!" म्हणत राहिले.