दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

पाहुण्यानं पाहुण्यासारखं यावं, चार घास खावेत आणि हात धुऊन निघावं, हे आपल्या घरातलं शहाणपण. ब्लूज-रॉकच्या दुनियेत उलटा न्याय. तिथे घरच्यांनी महिनोनमहिने घाम गाळायचा आणि एका दुपारी डोकावून गेलेल्या पाहुण्यानं सगळा अल्बम खिशात घालून न्यायचा.

त्या चौघांच्या बँडचंच बघा. दोन गिटारी, एक बेस, एक ड्रम, आणि डोक्यावर केसांची जंगलं. त्यांनी तीन अल्बम काढले, लोकांच्या लक्षात राहिला तो मधला. आणि त्यातलं तरी लोकांना काय आठवतं? पहिल्या गाण्यातला माउथऑर्गन, जो एका पोस्टमननं पत्रं वाटता वाटता, खांद्यावरची पिशवीही न उतरवता वाजवला होता. आणि रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यातला पियानो. अर्ध्या मिनिटाचासुद्धा नसेल तो तुकडा. पण गाणं मध्यावर येतं, गिटार दम घेते आणि जिन्यावरून कुणी काचेच्या गोट्या सोडून द्याव्यात तसे सूर धावत सुटतात. ऐकणाऱ्याचा चहा हातात गार होतो. कव्हरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पाहुणे वादक’ असं लिहून खाली दोन नावं आहेत. त्यातलं दुसरं नाव आपल्या बाईंचं.

त्यांना सगळे पियानोबाई म्हणायचे. तेव्हा त्या एका नाचाच्या वर्गात पियानो वाजवायच्या. माडीवर लाकडी फळ्यांची खोली, भिंतीला आरसे, आणि कोपऱ्यात बाई. मुलींचे पाय एकसारखे उचलले जाईपर्यंत तेच आठ ठोके पुन्हापुन्हा वाजवायचे, हे त्यांचं काम. घड्याळ चुकेल पण बाई चुकायच्या नाहीत. मात्र वेग म्हणाल तर नावाला नाही. नाचाच्या वर्गात वेगाचं कामच काय? बँडच्या गिटारवाल्याची बहीण तिथे शिकायची. तिला न्यायला आला असताना त्यानं बाईंचं वाजवणं ऐकलं आणि म्हणाला, “बाई, आमच्या एका गाण्यात याल का? पाहुण्या म्हणून?”

स्टुडिओ तळघरात होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, हवेत सिगारेटचा धूर. आणि ते गाणं म्हणजे उधळलेला घोडा. बाईंनी एकदा वाजवून पाहिलं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बोटं एकमेकांत अडकली आणि त्या लाल होऊन थांबल्या. गिटारवाला भला माणूस. म्हणाला, “राहू द्या बाई, गाणं असंही चालून जाईल.” तेवढ्यात काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट बाहेर आला.

“तुम्ही वर्गात वाजवता तसंच वाजवा,” तो म्हणाला. “सावकाश. बाकीचं माझ्यावर सोडा.”

त्यानं टेप अर्ध्या वेगानं चालवली. हेडफोनमध्ये गायकाचा आवाज विहिरीत पडलेल्या रेड्यासारखा येऊ लागला. बाईंनी हसू दाबत, खालच्या सप्तकात, ठोका न चुकवता, मुलींचे पाय उचलावेत तसं ते वाजवलं. मग त्यानं टेप पुऱ्या वेगानं लावली. सूर एक सप्तक वर चढले, वेग दुप्पट झाला आणि सोफ्यावर आडवे पडलेले चौघेही ताडकन उठून बसले. सगळे खूप हसले, बाईही हसल्या. कॅमेऱ्यात जशा करामती चालतात तशा टेपवरही चालतात, त्यात लबाडी ती काय?

लबाडी नंतर आली, आणि तीही दबक्या पावलांनी. रेडिओवर एक जण म्हणाला, या बाईंच्या बोटांत हाडंच नसावीत. बाईंनी ते ऐकलं आणि गप्प बसल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे ती मूठ उघडायची सोयच राहिली नाही. चौघांपैकीही कुणी बोललं नाही, कारण तो विजेसारखा वेग त्यांनाही आपल्या गाण्यात हवाच होता. रेकॉर्डिस्ट तर लवकरच वारला. लोक मुलांना शिकवायला बाईंकडे पाठवू लागले, नाचाचा वर्ग सुटला, घरीच शिकवणी सुरू झाली. तो तुकडा वाजवून दाखवा, असं कुणी म्हणालंच तर बाई कधी मनगटाचं सांगायच्या, कधी हवेचं. शेवटी त्यांनी एक वाक्य घोटून ठेवलं. “वीज एका जागी दोनदा पडत नाही.” लोक म्हणायचे, काय ही नम्रता! खाई त्याला खवखवे. बाईंना त्या कौतुकानंतर जेवण जायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी जायचं, हेही खरं.

इथवर फक्त बाईंचं आणि त्यांच्या मनाचं भांडण होतं. पण त्यांना एक लेक होती.

लेकीचे हात म्हणजे हात होते. ती स्टुलावर बसली आणि तिचे पाय जमिनीला टेकतही नव्हते, तेव्हाच बाईंनी ओळखलं होतं, ही आपल्यापेक्षा सरस निघणार. शाळा संपत आली तशी तिनं तो तुकडा मनावर घेतला. सुई उचलायची, मागे ठेवायची, ऐकायचं, वाजवायचं. पुन्हा सुई. रेकॉर्डवरचा तेवढा पट्टा झिजून करडा पडला. वर्षं गेली. आणि एका संध्याकाळी बाई पलीकडच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत असताना त्यांचे हात थांबले. लेक रेकॉर्डबरोबर वाजवत होती, आणि रेकॉर्डच्या पुढे-मागे होत नव्हती. मशीनशिवाय, नुसत्या दहा बोटांनी.

तुकडा संपला. लेक पडदा सारून आली. तिचा चेहरा पडलेला.

“आई, वेग आला गं. पण आवाज का येत नाही तो? तुझा काचेसारखा येतो. माझा लाकडासारखाच.”

येणार कसा? तो आवाज कुठल्याच हातातून निघणारा नव्हता. तो टेपमधून निघाला होता. हे सांगायला बाईंचं तोंड उघडलंही. आणि उघडलेल्या तोंडातून निघालं काय, तर, “मनगट सैल ठेव. अजून थोडा सराव लागेल.”

बाईंच्या सगळ्या लाजेचं मूळ या वाक्यात आहे. जे आईला जन्मात जमलं नाही ते पोरीनं करून दाखवलं, आणि आईनं तिला सांगितलं, कमी पडतेस. पोरीनं ते खरं मानलं. आई खोटं कशाला बोलेल?

पुढे एका स्पर्धेत तिनं तोच तुकडा वाजवला. परीक्षक म्हणाले, पोरगी चांगली आहे, पण आईची सर नाही. ती घरी आली, पियानोचं झाकण लावलं आणि त्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग आणून ठेवला. मग ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. लोक सांगतात, तिच्या हातची सुई टोचलेली कळत नाही. आपले हात अगदीच वाया गेले नाहीत, असं ती हसून म्हणायची. ते ऐकलं की बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लेकीचं लग्न झालं, पलीकडच्याच गल्लीत घर झालं, आणि शाळेनंतर नात आजीकडे थांबू लागली. नातीला सगळे पिटुकली म्हणतात. बाईंची शिकवणी केव्हाच बंद झाली होती. या पिटुकलीनं एक दिवस पियानोवरचा कपड्यांचा ढीग खाली ढकलला आणि झाकण उघडलं. मग रेकॉर्ड शोधून काढली. मग म्हणाली, “आजी, हे मला शिकव.”

लेक तिला न्यायला आलेली, दारातच उभी होती. तिचा आवाज साधा होता, त्यात राग म्हणून नव्हता. “ते आजीचंच आहे, बाळा. काहींच्या हातात असतं, काहींच्या नसतं. आपल्या नाही.”

पिटुकलीनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

लेक रागावली असती तर बाईंनी सोसलं असतं. पण तिनं ते वाक्य दाराची कडी लावावी तसं सहज म्हटलं होतं. आता ही खोट तिसऱ्या पिढीच्या हातात उतरणार होती. लेकीला सांगायचंच, असं बाईंनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी लेक आली.

“अगं, ऐक ना.”

“काय?”

“काही नाही. मीठ संपलंय.”

लेकीनं मीठ आणून दिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बाई म्हणाल्या, ऐक ना, आणि पुन्हा मीठच संपलं. आठवडाभरात घरात मिठाचे इतके पुडे साठले की लेकीला आईच्या विसरभोळेपणाची काळजी वाटू लागली. तिनं लॅबमधल्या डॉक्टरांनाही विचारलं म्हणे.

अशात जुन्या रेकॉर्डांच्या दुकानवाल्यानं घाट घातला. त्याला सगळे तबकडीवाला म्हणत. महिन्यातून एकदा तो एखादा जुना अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचा आणि चार रसिक गोळा करायचा. या वेळी त्यानं तो मधला अल्बम निवडला आणि बाईंना बोलावलं. पोस्टमन आता नव्हता. पाहुण्यांपैकी उरलेल्या त्या एकट्याच. लेक आणि पिटुकली सोबत आल्या. बाईंना पुढच्या खुर्चीत बसवलं.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आलं तशी दुकानातली हालचाल थांबली. तुकडा संपताच टाळ्या पडल्या. केसांची शेंडी बांधलेले एक गृहस्थ पियानो कुठल्या बनावटीचा असेल यावर दुसऱ्याशी हुज्जत घालू लागले. मग त्यांनी बाईंनाच विचारलं, “हा वेग आणला कुठून, बाई?”

बाईंनी ते घोटलेलं वाक्य जिभेवर आणलंही होतं. तेवढ्यात पिटुकलीनं शाळेत करतात तसा हात वर केला. “मी पण शिकणार होते. पण आई म्हणते, आपले हात तसे नाहीत.”

लोक कौतुकानं हसले. बाईंनी लेकीकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पर्सचा बंद सरळ करत होती.

“हात कुणाचेच तसे नाहीत,” बाई म्हणाल्या. “माझेसुद्धा नाहीत.”

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. अडकलेली बोटं, रेकॉर्डिस्ट, अर्ध्या वेगाची टेप, काहीही लपवून ठेवलं नाही. आता हे लोक उठून जातील, धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना वाटलं.

शेंडीवाल्यानं मांडीवर थाप मारली. “वा! काय डोकं लढवलंय!” दुकानात एकच गलका झाला. तबकडीवाल्याला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. त्याच्याकडच्या जुन्या यंत्रावर अर्ध्या वेगाची सोय होती. त्यानं धावत जाऊन त्यावर रेकॉर्ड चढवली आणि तिथून नाचाच्या वर्गातला पियानो वाजू लागला, साधा, सावकाश, ठोक्याला पक्का. लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या. आज त्यांना एक नवा किस्सा मिळाला होता, पुढे दहा जणांना सांगायला.

या लोकांना बाई इतकी वर्षं भ्यायल्या होत्या. यांना काही सोयरसुतक नव्हतं. यांच्यापुढे अब्रू राखायला त्यांनी पोटची पोर मोडली होती. त्यांनी मागे वळून पाहिलं. लेकीची खुर्ची रिकामी होती. ती दाराशी वाकून पिटुकलीच्या कोटाची बटणं लावत होती.

बसथांब्यावर तिघी उभ्या राहिल्या. पिटुकली कठड्याला लोंबकळत होती.

“तू पोहोचली होतीस त्या वेगाला,” बाई म्हणाल्या. “मी ऐकलं होतं. ते हातानं वाजवणारी तू एकटीच.”

“हं.”

“मला लाज वाटते गं. तुझ्याकडे बघवत नाही मला.”

“वाटू दे,” लेक म्हणाली. ती रस्त्याकडेच बघत होती. मग तिनं विचारलं, “सराव झाला की मी झाकणावर डोकं ठेवून रडायचे. रोज. मध्ये नुसता पडदा होता. मला वाटायचं, आईला ऐकू येत नसणार, नाहीतर ती आलीच असती. तुला ऐकू येत होतं का, आई?”

वळणावर बस दिसू लागली होती. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. लेकीलाही कदाचित तेच बरं वाटलं असतं.

“येत होतं,” बाई म्हणाल्या.

लेकीनं मान हलवली. पिटुकलीला हाक मारली, तिचा हात धरला आणि बस थांबायच्या आधीच दोन पावलं पुढे जाऊन उभी राहिली.