कवट्यांवरची गावं

दुलीचंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात वांगी निवडत होतो. पलीकडे त्याचा मेहुणा. "सर, जिजाजी गेले जी," एवढंच म्हणाला. मी वांगी पुन्हा ढिगात ठेवली आणि मग काय करायचं ते सुचेना...

आम्ही एकाच कॉलेजात शिकवलं. मी अर्थशास्त्र, तो प्राणिशास्त्र. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, हा वनखात्याची परवानगी काढून मेलेल्या रानडुकरांच्या कवट्या जमवू लागला. नागझिऱ्याच्या जंगलातलं डुक्कर आणि धानावर पोसलेलं डुक्कर यांच्या कवटीत फरक पडतो का, एवढाच त्याचा प्रश्न. मागच्या खोलीत बसून तो कॅलिपरनं मुस्कटाची लांबी, कपाळाची रुंदी मोजायचा आणि गाव, नर की मादी, मापं, सगळं पेन्सिलीनं कवटीवरच लिहायचा. कागद हरवतात, हाड राहतं, असं त्याचं म्हणणं. फरक सापडला का, असं मी एकदा विचारलं. "घाई कायले करून राहिला बे? आणखी कवट्या येऊ दे."

शोकसभेत मात्र घाई झाली. अध्यक्षांनी भाषण संपायच्या आत त्याला जागतिक कीर्तीचा संशोधक करून टाकलं आणि कवट्या विद्यापीठाला द्यायचंही जाहीर केलं. हार घातलेल्या फोटोपुढे कवट्या ओळीनं मांडलेल्या, पांढऱ्याशुभ्र. मी जवळ जाऊन पाहिलं... एकीवरही अक्षर नव्हतं. मेहुण्यानं सगळ्या साबण लावून तारेच्या घासणीनं घासल्या होत्या. "लय मळल्या होत्या जी," तो म्हणाला आणि रडू लागला. मापं पुन्हा घेता येतील. पण कोणती जंगलातली, कोणती शेतातली हेच कळलं नाही, तर तुलना कशाशी करायची?

वहिनींना हे मी अजून सांगितलेलं नाही. परवा गेलो तेव्हा वहिनी मागच्या खोलीतच, परत आणून मांडलेल्या कवट्यांपाशी बसल्या होत्या. विद्यापीठाचे लोक कवट्या न्यायला कधी येतील, असं विचारत होत्या. कळवतो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "भाऊजी, यातली केशोरीची कोणती जी? माह्या बाबाच्या वावरातली. पयली तेच होती न त्यायची."

मी ओळीवरून नजर फिरवली. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. शेवटी एकीवर हात ठेवला.

वहिनींनी ती उचलली, पदरानं पुसली आणि दुलीचंदच्या खुर्चीवर नेऊन ठेवली.