मावशींच्या वहीतलं माझं अक्षर

स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चमचा वाजला की आमचा सामना जागच्या जागी थांबायचा. "पाचच चेंडू झालेत! सहावा टाका!" मावशी सीमारेषेबाहेरून ओरडायच्या आणि अंपायर मुकाट बोटं मोजायचा. पुण्या-मुंबईहून सिंगापूरला आलेल्या आम्हा आयटीवाल्यांची रविवारची हौशी लीग होती. २०१४-१५ची गोष्ट. मावशी तिच्या स्कोअरर. आधी नवऱ्याबरोबर यायच्या. ते गेल्यावरही येत राहिल्या.

"दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भलेभले मॅनेजर त्यांच्यापुढे गोंडा घोळायचे, "मावशी, तो लेगबाय नव्हता हो, बॅटला लागला होता." पण कुणाची एक धाव वाढली नाही.

मीही सुटलो नाही. एकदा बाद झाल्यावर रागाने बॅट भिरकावली. मावशींनी लेखी तक्रार केली आणि मला दोन सामने बाहेर बसवलं गेलं. मी फुगून बसलो, तर त्यांचाच फोन. "बुधवारी बुकित बातोकला माझ्या घरी ये. अळूचं फदफदं केलंय. बंदी खेळावर आहे, जेवणावर नाही."

फलकावर आकडे अडकवायचं काम रेवाचं. आमच्या संघाचा कर्णधार मंदार, त्याची ही बायको. सेमीफायनलच्या दिवशी ती डाव्या हाताने आकडे लावत होती. उजवं मनगट टम्म सुजलेलं. मावशींनी तिची खुर्ची आपल्याजवळ ओढली.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. लीगचा सेक्रेटरी मीच होतो.

"मंदारने मारलंय तिला. पहिल्यांदा नाही. पोलिसांत गेलीस तर माझा नोकरीचा पास जाईल आणि त्यावरचा तुझाही, देश सोडावा लागेल, असं त्याने तिला सांगून ठेवलंय. ती एवढंच म्हणतेय, फायनलला त्याला बसवा. तो आईबापाला भीत नाही, ऑफिसला भीत नाही. क्रिकेट जाईल याला भितो."

आंग मो किओच्या माझ्या फ्लॅटवर समितीचे आम्ही तिघं बसलो. बायकोने चहा ठेवला आणि आत गेली; दार मात्र उघडंच ठेवलं. नियमावली चाळली. मैदानावरच्या वागण्याबद्दल दोन पानं होती, घरातल्या वागण्याबद्दल अवाक्षर नाही. एक जण म्हणाला, "केस होऊ दे, मग बघू." दुसरा म्हणाला, "नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं?" मी नियमावली मिटली. मंदारशिवाय आमचा संघ फायनल हरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. इतिवृत्तात 'वैयक्तिक बाब' हे शब्द मी लिहिले.

फोनवर मावशींना कळवलं. त्या म्हणाल्या, "तू बॅट फेकलीस तेव्हा दोन सामने बसवलं होतं तुला. बॅटला किती लागलं होतं रे?"

फायनलला मंदार खेळायला उतरला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, याची आजही शरम वाटते. आमच्या पाठलागाचं नववं षटक संपलं आणि मावशींनी वही माझ्या मांडीवर ठेवली. माझी बॅटिंग खाली होती. "मला जे दिसतंय ते लिहायला या वहीत रकाना नाही. तू लिही," म्हणाल्या. रेवाच्या हातातले आकडे त्यांनी खुर्चीवर ठेवले आणि तिला घेऊन बस स्टॉपकडे चालू लागल्या. मी पेन्सिल उचलली आणि दहावं षटक लिहायला घेतलं.

आम्ही जिंकलो. रेवा मावशींकडे राहिली आणि काही महिन्यांनी पुण्याला परतली. मावशी पुन्हा मैदानावर आल्या नाहीत. मी एकदा त्यांच्या लिफ्टपर्यंत जाऊन माघारी फिरलो. त्यांनी जेवायला बोलावलं नव्हतं.

वही माझ्याकडेच राहिली. आमच्या डावाच्या नवव्या षटकापर्यंत मावशींचं बारीक अक्षर, पुढे माझं गबाळं. तळाशी सामनावीर म्हणून मंदारचं नाव, तेही माझ्याच हातचं. परवा कपाट आवरताना ती लेकीच्या हाती लागली.

"सो गुड आह, धिस अंकल?" सामनावीराच्या नावावर बोट ठेवून तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"चांगला खेळायचा," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातला बायकोच्या भांड्यांचा आवाज थांबला.