हसनभाईंना मी सांगितलेला शेवट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

मी इथे ओमानमध्ये, रुस्ताकला एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो. घरची माणसं पुण्यात. मुलगी फोनवर येते, ‘हाय बाबा’ म्हणते, मग तिला क्लास असतो. इथे माझं माणूस म्हणजे हसनभाई. माझे तेव्हाचे रूम-पार्टनर. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, सूकमधल्या, म्हणजे इथल्या बाजारातल्या, कापडाच्या दुकानात कामाला, माझ्यापेक्षा मोठे.

मला जुन्या इंग्रजी रेडिओ-नाटकांचा नाद आहे. विज्ञानकथांच्या. माणूस चंद्रावर पोचायच्याही आधीची नाटकं — मासिकातली एखादी लघुकथा घ्यायची आणि तिची अर्ध्या तासाची श्रुतिका करायची. आता ती फोनवर मिळतात, खरखरीसकट. शुक्रवारी सुट्टी; हसनभाई नमाजहून आले की आम्ही त्यांच्या हातचं कालवण आणि भात जेवायचो. मग फोन स्टीलच्या वाडग्यात ठेवायचा, म्हणजे आवाज घुमतो, आणि ऐकत बसायचं. इंग्रजी त्यांना दुकानापुरतंच येई. मी मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगायचो. मंगळावर एकटा अडकलेला माणूस आला की ते विचारायचे, “जेवत काय असेल रे तो?” आणि खरंच काळजीने विचारायचे.

मी लांबण लावतोय ना? लावतोय. कळतंय मला.

तर — एका वर्षी अर्बाबाने, म्हणजे त्यांच्या दुकानाच्या अरब मालकाने, त्यांना विचारलं, व्हिसा वाढवायचा की खलास? त्यांची आई गावी, थोरल्या बहिणीकडे असायची. म्हातारी हल्ली विसरायला लागली होती. “पण फोनवर माझा आवाज वळखते,” हसनभाई म्हणायचे. जायचं त्यांच्या मनात जवळजवळ ठरलं होतं. मस्कतजवळच्या मत्रहच्या बाजारातून एक मोठी बॅग आणली होती. ती दाराजवळ उभी असायची. मी जाता-येता तिच्याकडे बघायचो.

ते गेले की काय उरणार होतं? एसीचा आवाज. कंपनीने पाठवलेला कुणीतरी नवा माणूस, भिंतीकडे तोंड करून घरी बोलणारा. शुक्रवारची दुपार इथे किती लांब असते, हे एकट्याने काढल्याशिवाय कळत नाही. मी ती आधी काढली होती. पुन्हा काढायची नव्हती.

त्या शुक्रवारचं नाटक असं होतं. एक माणूस दूरच्या ताऱ्याकडे गेलेला असतो. यानात त्याची थोडीच वर्षं जातात, पण इकडे मागे राहिलेले सगळे म्हातारे झालेले असतात. तो परत येतो. आपल्याच घराचं दार वाजवतो. कडी निघते. मग बराच वेळ काहीच नाही — रेडिओवरची शांतता फार मोठी वाटते. आणि मग त्याची आई म्हणते, ‘किती उशीर केलास. हात धू, वाढते.’ तिथेच संगीत सुरू होतं आणि नाटक संपतं.

हसनभाई माझ्याकडे बघत होते. “काय बोलली रे ती?”

मी म्हणालो, “ती विचारते — कोण आपण? कोण पाहिजे?”

तोंडून निसटलं का? नाही. निसटलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

“पण आवाज तर मायेचा वाटला,” ते म्हणाले. त्यांच्या कानांनी बरोबर पकडलं होतं. इथे तरी मागे फिरता आलं असतं, नाही का? मी म्हणालो, “म्हातारी आहे ना, सगळ्यांशीच तशी बोलते. तिला तो आठवतच नाही. मग तो मुकाट्याने यानात परत जातो.”

ते उठले. ताटं उचलली, घासली. माझंही ताट घासलं.

थोड्या दिवसांनी म्हणाले, “अर्बाबाला सांगितलं, वाढव व्हिसा, अजून एक फेरा करतो.” कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नुसत्या एका नाटकावरून कुणी असं ठरवतं? घराचं छप्पर बदलायचं होतं, भाचीचं लग्न होतं — कारणं होती. ती मी स्वतःला पुष्कळदा ऐकवली आहेत. पण बॅग पलंगाखाली गेली. आणि मला — हे सांगायलाच मी बसलोय — मला बरं वाटलं. पुढच्या शुक्रवारसाठी मी एक विनोदी नाटक शोधून ठेवलं.

तो वाढवलेला व्हिसा संपला तेव्हा मात्र ते गेले. पोचल्यावर त्यांचा फोन आला. आईने त्यांना वायरमन समजून मीटर कुठे आहे ते दाखवलं होतं. हे त्यांनी हसत सांगितलं. मग म्हणाले, “बहीण बोलते, गेल्या वर्षापर्यंत रोज माझं नाव घ्यायची. दारात बसून राहायची.” मी “अच्छा” म्हणालो. दुसरं काही नाही. “अच्छा.”

परवा पुन्हा त्यांचा फोन होता. इकडचं तिकडचं झालं, भाव, ऊन, सूकमधली माणसं. मग त्यांनी विचारलं, “सुहास, तो माणूस यानात परत गेला ना — मग पुढं काय झालं रे त्याचं?”

तेव्हा सांगता आलं असतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः दार उघडून दिलं होतं.

“तिथंच संपतं, हसनभाई,” मी म्हणालो.

“बरं,” ते म्हणाले. मागून म्हातारीचा आवाज आला, कुणाला तरी हाक मारत होती. “थांब हां,” म्हणून त्यांनी फोन तसाच खाली ठेवला. पावलं ऐकू आली. मग दुसऱ्या खोलीतून त्यांचा आवाज, लहान मुलाला समजवावं तसा, सावकाश — “हसन. आई, मी हसन.”

ती काय म्हणते ते ऐकायच्या आत मी फोन बंद केला.