धुतलेला बेल

सोमवारी पहाटे आबा वारले. त्या दिवशी देवळात कोणी बेल वाहिला नाही.

आबा आमच्या भागातल्या अभयारण्यातल्या महादेवाचे गुरव. देऊळ लहान, दरीच्या पोटात, चारी बाजूंनी राखीव जंगल. तुम्ही अशा देवळात गेला असाल, तर पिंडीवरून काढून कोपऱ्यात लोटलेला बेलाचा ढीग पाहिला असेल. आबा तो ढीग परातीत घेऊन उंबऱ्याशी बसत. फाटकी पानं बाजूला काढत, बाकीची पाण्यात बुडवून उपरण्यावर पसरत. कोणी बेलाची जुडी घेऊन आलं की म्हणत, "ती राहू द्या. ह्ये घ्या, धुतलेला हाय."

वाहिलेला बेल धुऊन पुन्हा वाहता येतो, ही जुनीच रीत. पण ती अडीअडचणीची. आबांनी ती रोजची केली, त्याला निमित्त आमची पाहणी झाली. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. वाढत्या गर्दीत हे जंगल किती तग धरेल, हे पाहायला आम्ही उतारावर दोऱ्या बांधून चौकोन आखत होतो. आबा चहाची किटली घेऊन आले.

"काय सर, टिकतंय का आमचं जंगल?"

"मोठे बेल आहेत, आबा. त्यांच्याखाली रोपं नाहीत. फळं लोक नेतात, पालवी देवाला जाते, उगवलेलं पायाखाली मरतं."

"म्हंजे म्हातारीच राहिली, लेकरं न्हाईत. आमच्या गल्लीवानी." ते हसले. मग किटली तशीच हातात धरून उभे राहिले. "आन् ही सगळी गर्दी माझ्याच दारात येती, व्हय ना?"

पुढच्या खेपेला गेलो, तर परात मांडलेली होती.

बेंबळीच्या एक बाई चिडल्या. "दुसऱ्याचा उष्टा बेल म्या का वाहू?"

"उष्टा कसा, माय? बघा की, दात लागल्यात का कुठं."

बाईंना हसू आवरेना. मोटारसायकलला अख्खी फांदी बांधून एक जण आला, त्याला आबा म्हणाले, "फांदी कशाला रे? झाडच आणायचं, देवाला सावली झाली असती."

"पुढच्या बारीला आणतो, आबा," तो म्हणाला. त्याने खरंच आणलं असतं.

हळूहळू लोक आबांच्या हातचं पान मागून घेऊ लागले. रीत रुजते आहे, असं मला वाटलं. एका सोमवारी मी रांगेतच थांबलो आणि नीट पाहिलं. लोक आबांचं पान कपाळाला लावत होते आणि खिशात, पर्समध्ये, मोबाइलच्या कव्हरात ठेवत होते. आबांच्या हातचा प्रसाद म्हणून. पिंडीवर जात होता तो वाटेत तोडलेला ताजा बेल.

मी आबांजवळ जाऊन बसलो.

"ठाव हाय मला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पर प्रसाद घेऊ नका, असं गुरवानं कसं म्हणावं, सर?"

आणि पुढचं पान पाण्यात बुडवलं.

सुतक फिटल्यावर त्यांच्या मुलाचा फोन आला. मुलगा पुण्याला असतो, स्वभावाने वडिलांसारखाच. मी गेलो तेव्हा देवळासमोर ट्रॉली उभी होती, बेलाच्या फांद्यांनी भरलेली. बाया गोल करून पानं खुडत होत्या. आबांच्या नावानं महादेवाला लक्ष बेल वाहायचा होता.

"हा बेल कुठला?" मी विचारलं.

"इथलाच, सर. उतारावरचा. सगळ्या गावानं आणला, कुणाला सांगावं लागलं न्हाय. आबांना बेलाचं लई वेड व्हतं."

"ते धुऊन वाहायचे," मी म्हणालो. "झाडं राहावीत म्हणून."

"व्हय ना." त्याचे डोळे भरून आले. "जल्मभर शिळा बेल धूत बसले. म्हणून म्हटलं, त्यांच्या नावानं एकदा तरी ताजा वाहू. पोटभर."

त्याने माझा हात धरून मला आत नेलं. त्याच्या बायकोने माझ्या ओंजळीत पानं दिली. कोवळी होती, पोपटी. माझ्यामागे रांग होती. मी ती वाहिली.

आता दरवर्षी आबांच्या पुण्यतिथीला लक्ष बेल वाहतात. देवळाभोवतीच्या उतारावर हाताला येईल असा बेल उरलेला नाही. यंदाचा बेल टेम्पोने लांब सास्तूरकडून आणला.