स्वयंपाकघरातली विहीर

मी शांती नगरमध्ये फ्रेंच शिकवते. घराच्या हॉलमध्ये, सतरंजीवर, नववी-दहावीच्या मुलांना. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला की शेजारच्या ओळखतात, टीचरचा क्लास सुरू झाला. इतकी वर्षं शिकवतेय, पण फ्रान्स मी पाहिलेलं नाही. लग्नाआधी गिरगावात असताना कॉलेजात ही भाषा घेतली, मग मीरा रोडला आलो, मुलं झाली आणि भाषा माझ्याजवळ राहिली ती पुस्तकातली. दार, खिडकी, छप्पर, जिना, माळा. या शब्दांची उजळणी मी मुलांकडून इतक्यांदा करून घेतलीय की तो जिना कुठे जातो, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा बंगळुरूहून फोन आला. तिचे आजी-आजोबा भाईंदरला राहतात, केबिन रोडच्या मागे. आजोबांचा हिऱ्यांना पैलू पाडायचा व्यवसाय होता. तिचा काका बेल्जियममध्ये हिऱ्यांच्याच धंद्यात आहे. त्याने फ्रान्समधल्या खेड्यात एक जुनी हवेली पाहिली होती, डागडुजी करून राहण्याजोगी केलेली. निवृत्त आईवडिलांनी वर्षातले काही महिने तिथे येऊन राहावं, असं त्याच्या मनात होतं.

"पण टीचर, विकणाऱ्या बाईंना फक्त फ्रेंच येतं. काकाला तिथली डच येते, फ्रेंच नाही," ती म्हणाली. "आणि त्या बाई म्हणतात, राहणार कोण आहे त्यांच्याशी मला स्वतः बोलायचंय. तुम्ही जाल का आमच्याकडे? व्हिडिओ कॉल आहे."

मी हो म्हटलं खरं, पण रिक्षात बसल्यावर मनातल्या मनात फ्रेंच वाक्यं जुळवायला लागले. खऱ्याखुऱ्या फ्रेंच माणसाशी मी आयुष्यात फार तर दोनदा बोलले असेन, तेही एका कार्यक्रमात, नमस्कार-चमत्कारापुरतं.

दुपारची वेळ होती. तिथे सकाळ. आजोबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सोफ्यावर बसले होते, आजी नवी कोरी साडी नेसून त्यांच्या शेजारी. घरातले सगळे त्यांना बापूजी आणि बा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. मुलगी बघायला निघाल्यासारखी तयारी होती. समोर भिंतभर टीव्ही. एका कोपऱ्यात बेल्जियमहून मुलाचा चेहरा, आणि मोठ्या चौकटीत सत्तरीच्या पुढच्या एक बाई. गळ्यात निळा स्कार्फ, ओठांना हलकी लाली. त्यासुद्धा तयार होऊनच बसल्या होत्या.

"बोंजूर, मादाम," मी म्हटलं.

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फार सुंदर बोलता. माझ्या आजीसारखं."

म्हणजे माझं फ्रेंच दोन पिढ्या जुनं होतं. पण त्या हसण्याने माझी भीती गेली.

बाई टॅब्लेट हातात धरून अंगणात आल्या आणि त्यांनी तो घराकडे वळवला. करड्या दगडाचं घर, एका कोपऱ्याला गोल मनोरा, निमुळतं काळसर छप्पर, आणि भिंतीवर चढलेला गुलाब. मागे नुसतं हिरवं, आभाळापर्यंत.

"किती जुनं?" बापूजींनी विचारलं.

बाईंनी सांगितलेलं शतक मी मनात मोजलं आणि म्हटलं, "बापूजी, आपल्या खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे ना, साधारण त्या काळातलं."

"और अभी तक खडा है?"

मी ते विचारलं. बाई म्हणाल्या, "उभं नव्हतं. आम्ही घेतलं तेव्हा छपरावर एकही कौल नव्हतं. दिवाणखान्यात झाड उगवलं होतं. माझे पती शाळेत गणित शिकवायचे, मी पोस्टात होते. सुट्टी मिळाली की आम्ही इथे येऊन दगड उचलायचो. आमची मुलं तंबूत झोपायची."

वसईच्या किल्ल्यात मी मुलांना घेऊन अनेकदा गेलेय. छप्पर उडालेल्या खोल्या, भिंती फोडून आलेली पिंपळाची मुळं, खिडक्यांतून दिसणारं आभाळ. तिथे उभं राहून 'अरेरे' म्हणायचं आणि परत यायचं, एवढंच मला ठाऊक. तसल्या एका पडक्या घरात दोन नोकरदार माणसं शिरली आणि त्यांनी ते पुन्हा उभं केलं, यावर माझा विश्वासच बसेना. हे सांगताना माझं हिंदी अडखळलं. बापूजींनी नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा.

मग त्या आत आल्या. दगडी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. भिंतीतली शेकोटी एवढी मोठी, की बाई तिच्या कोनाड्यात उभ्या राहून आमच्याशी बोलल्या. माळ्यावर पोचल्यावर त्यांनी टॅब्लेट वर धरला, आणि एक शब्द उच्चारला. शारपांत. छपराचा लाकडी सांगाडा. शब्द मला येत होता, कितीदा फळ्यावर लिहिला होता. पण हे? माणसाच्या मिठीत मावणार नाहीत अशा तुळया, खाचा पाडून एकमेकींत अडकवलेल्या, एकही खिळा नाही, आणि वरपर्यंत अंधारात जाणाऱ्या फासळ्या.

"टीचर, क्या बोली?" बांनी विचारलं.

मला शब्द सापडेना. मग मी म्हटलं, "बा, उत्तनला किनाऱ्यावर होडी बांधायला घेतात ना, तशी मोठी होडी उलटी करून घरावर ठेवलीय."

बापूजी सोफ्यावरून पुढे सरकले. "हां," ते हळूच म्हणाले. "उलटी नाव."

बाई खाली येताना थांबल्या आणि म्हणाल्या, "एक गोष्ट सांगायला हवी. हिवाळा इथे कठीण असतो. कितीही लाकूड जाळा, भिंती तापत नाहीत. आणि मी हे घर का विकतेय? पती गेले. मला आता हा जिना चढवत नाही. एकट्या माणसाचं हे घर नाही."

कोपऱ्यातून मुलगा पटकन म्हणाला, "टीचर, ते सांगायची गरज नाही. हीटिंगचं मी बघेन."

बांनी माझ्याकडे पाहिलं. त्या आतापर्यंत फार बोलल्या नव्हत्या.

"एवढं लांब बोलली ती. काय बोलली?"

"बा, भाई म्हणतात..."

"भाई को छोडो. वो औरत क्या बोली, सब बोलो."

मी सगळं सांगितलं. थंडी, जिना, एकटेपण. बा ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "खरं बोलते. तिला म्हणावं, आता स्वयंपाकघर दाखव."

स्वयंपाकघर मोठं होतं, उजेडाचं, लांब लाकडी टेबल आणि निळ्या फरशा. बाई मधोमध येऊन थांबल्या आणि टॅब्लेट जमिनीकडे केला. जमिनीत एक गोल जाड काच बसवली होती. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं.

काचेखाली दिवा लागला. दगडांनी बांधलेली विहीर खोल, खोल जात होती. कडेच्या सांदींतून नेच्याची पानं डोकावत होती, आणि तळाशी पाणी चमकत होतं.

बा उठून उभ्या राहिल्या. टीव्हीजवळ गेल्या आणि त्यांनी काचेवर हात ठेवला, टीव्हीच्या काचेवर, जिथे विहिरीची काच दिसत होती तिथे.

"घर के अंदर?" त्या म्हणाल्या. "रसोडा मां?"

गुजरातेत, बनासकांठ्यातल्या त्यांच्या गावी विहीर लांब होती, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. डोक्यावर घडे वाहून मान दुखायची, आणि उन्हाळ्यात पोहरा नुसता चिखल घेऊन वर यायचा. इथे भाईंदरला आल्यावर टँकरच्या मागे बादल्या घेऊन धावण्यात तरुणपण गेलं. त्या दुपारी मात्र त्यांनी हात जोडले आणि डोकं टेकवलं, जसं विहिरीवर टेकवतात.

पलीकडे बाईंना ते दिसलं. त्यांचा आवाज बदलला.

"जुनी जमीन खणताना ती आम्हाला सापडली," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, बुजवून टाक, मुलं पडतील. माझे पती ऐकेनात. म्हणाले, हिच्यासाठीच कुणीतरी इथे घर बांधलं असणार. त्या पाहुण्याबाईंसारखं आजवर कुणी हिला नमस्कार केला नाही."

"पाणी गोड आहे का विचारा," बा म्हणाल्या.

मी विचारल्यावर बाईंनी कोपऱ्यातल्या लहान हातपंपातून पेला भरला आणि आमच्यासमोर, सावकाश, पूर्ण प्यायला. मग हसून मान डोलावली. याचं भाषांतर मला करावं लागलं नाही.

बा सोफ्यावर परत येऊन बसल्या. बापूजींनी त्यांचं मत विचारलं, "शुं कहो छो?"

"थंडीत इथे येऊ," बा म्हणाल्या. "उन्हाळ्यात तिथे."

पुढचे व्यवहार मुलाने केले, त्यातलं मला काही कळत नाही. बाईंचं मन त्या दिवशीच ठरलं होतं, एवढं मात्र मला नंतर समजलं. त्यांना आधी एका हॉटेलवाल्याने विचारलं होतं. त्याला त्यांनी नकार कळवला.

मेमध्ये बा आणि बापूजी गेले. जाताना बांनी माझा नंबर दोन ठिकाणी लिहून घेतला आणि बजावलं, "टीचर, फोन चालू रखना. मैं वहां गूंगी हूं." मी क्लास चालू असतानाही फोन शेजारी ठेवायला लागले.

एका रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मी घाईघाईने उचलला. घराच्या दाराशी, दगडी उंबऱ्यावर, बा आणि त्या फ्रेंच बाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाई आता जवळच्या गावात लहानशा फ्लॅटमध्ये राहतात, आणि बापूजींना शेकोटीची चिमणी साफ कशी करायची ते दाखवायला आल्या होत्या. दोघींच्या मध्ये मटारच्या शेंगांची टोपली. बा गुजरातीत काहीतरी रंगवून सांगत होत्या, बाई फ्रेंचमध्ये 'हो ना, हो ना' म्हणत होत्या, आणि दोघींचे हात शेंगा सोलत होते.

"बोला बा, काय विचारायचंय त्यांना?"

बांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, जणू फोन का केला तेच विसरल्या होत्या.

"कुछ नहीं, टीचर," त्या म्हणाल्या. "हमारा चल रहा है. तुमको खाली दिखाया."

त्यांनी फोन मागे, दाराच्या आत, उभा ठेवून दिला, बंद करायचा राहिला. मीही बंद केला नाही. दाराच्या चौकटीतला झिजलेला दगड, त्यावर तिथल्या सकाळचं ऊन, आणि दोन म्हाताऱ्या बायकांचे पाठमोरे खांदे. क्लासची मुलं दारात चपला काढायला लागली तरी मी बघत बसले होते.